वास नाही म्हणजे चांगलं

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या ओट्यावरचं फडकं दोन बोटांनी उचललं, नाकापाशी नेलं आणि एक शब्द न बोलता भिजत टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे अजून घरात, आणि ही बाई माझी फडकी हुंगत फिरतेय! संध्याकाळी ती फ्रीजसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, याच्या मागे काहीतरी मेलंय." सरकवून पाहिलं तर खरंच उंदीर. त्याआधी आठवडाभर आम्ही सगळे एकमेकांच्या पायमोज्यांवर संशय घेत होतो. मी तिला तिथल्या तिथे मनातून माफ केलं, पण वरवर आणखी बरेच दिवस फुगून राहिले. मोठ्या जावेला एवढं करावंच लागतं.

तिचं नाक हीच तिची नोकरी होती. आमच्या रस्त्याच्या टोकाला दूध संकलन केंद्र आहे. सकाळी दूधवाले आपापले कॅन घेऊन येतात आणि सिमेंटच्या कट्ट्यावर ओळीने मांडतात. धाकटी एकेका कॅनचं झाकण उचलायची, उलटं करायची आणि लगेच नाकाशी धरायची. वास झाकणाच्या आतल्या बाजूला कोंडलेला असतो, उशीर केला की उडून जातो. तिची मान हलली की दूध मोठ्या टाकीत. नाही हलली की कॅन बाजूला, आणि मग कॅनच्या मालकाचा थयथयाट. एक आंबलेला कॅन टाकीत गेला तर सगळ्यांचं दूध नासतं. यंत्राने तपासत बसलं तर ओळ रस्त्यापर्यंत जाते, म्हणून पहिलं नाक धाकटीचं.

दूधवाल्यांनी तिचं नाव मांजर ठेवलं होतं. "सरका रे, मांजर आली," कोणीतरी म्हणायचं आणि ओळीत खसखस पिकायची. ती चिडायची नाही. उलट एखाद्याचा कॅन बाजूला काढताना स्वतःच हळूच म्याँव करायची, म्हणजे जो ओरडणार होता तो हसून बसायचा. घरी मात्र दुधाला शिवायची नाही, चहासुद्धा कोरा. मी एकदा विचारलं, चांगल्या दुधाचा वास असतो तरी कसा गं? तर म्हणाली, "नसतोच ताई. असला तरी नसल्यासारखा. नाकाला काहीतरी लागलं की समजायचं बिघडलंय. वास नाही म्हणजे चांगलं."

तिला मूल हवं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिच्या आयुष्यात दुसरं काही तिने इतकं मागितलं नाही. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. दुसऱ्या वेळी माझी मुलगी तान्ही होती. धाकटी तिला मांडीवर घेऊन टाळूला नाक लावून बसून राहायची. मला भीती वाटायची की ही रडेल, पण ती रडायची नाही. "या वासासारखा दुसरा वास नाही," म्हणायची. "माझं झालं ना, की मी आधी टाळूचा वास घेणार आणि मग तोंड बघणार."

"बघ हो," मी म्हटलं. "नाहीतर नेहमीच्या सवयीने बाजूला काढून ठेवशील."

ती पोट धरून हसली. दुसरी असती तर महिनाभर बोलली नसती. माझ्या जिभेला हाड नाही हे तिने केव्हाच ओळखलं होतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले आणि तिसरा महिना पार पडला. चौथाही गेला. आणि त्याच वर्षी तो आजार आला. दुकानं बंद, शाळा बंद, रस्त्यावर पोलीस. दूध मात्र चालू, कारण गाईंना कोण सांगणार की बंद आहे म्हणून. केंद्राच्या दारावर मोठी पाटी लागली, मास्कशिवाय आत येऊ नये. दूधवाले नाकातोंडाला मास्क बांधून आले, टाकीवाला बांधून आला, साहेब तर दोन-दोन चढवून आले. आणि आमची धाकटी प्रत्येक झाकणाला मास्क हनुवटीवर ओढायची, हुंगायची, पुन्हा वर करायची. साऱ्या जगाने नाक झाकलं आणि हिला पगार मिळायचा तो नाक उघडं ठेवण्याचा. मी हे आजही कोणापुढे बोलले की माझा आवाज चढतो, आणि चढू दे.

मी तिला तेव्हा म्हटलं, कॅन धुवायचं काम माग. साहेबांनीही तेच सुचवलं होतं, हे खोटं सांगणार नाही. ती म्हणाली, "धुवायला कोणीही चालतं. हुंगायला मीच लागते." तिच्या बोलण्यात थोडा तोरा होता. असू दे ना! गरिबाच्या घरातल्या बाईला तोरा मिरवायला असतं तरी काय? तिच्याकडे हे एक होतं.

त्यातून तिला ओकाऱ्या. इतर बायकांच्या चौथ्यात थांबतात, हिच्या सातवा लागला तरी चालूच. दुधाच्या वासाने तर हमखास. दोन झाकणं हुंगायची, मागच्या नळावर जाऊन ओकायची, तोंड धुऊन पुन्हा तिसऱ्याला हजर. भावजी रंगारी आहेत, घरांना रंग देतात. ते कामावरून आले की टर्पेंटाइनच्या वासाने ती नुसती पिसाळायची. बिचारे अंगणातल्या नळावर सगळे कपडे काढून, साबण लावून, कुडकुडत घरात यायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, अन्नाचा कण पोटात राहत नाही, पोर बाळसं कसं धरणार?" ताटावर बसताना धाकटीच्या चेहऱ्यावर फाशीला निघाल्याची कळा असायची.

आणि एका सकाळी ओकारी थांबली.

ती केंद्रावर गेली, सगळी ओळ हुंगली आणि नळाकडे एकदाही गेली नाही. दूधवाल्यांचीही चांदी झाली, एकाचाही कॅन बाजूला निघाला नाही. "आज मांजर खुशीत आहे," म्हणत ते परत गेले. दुपारी ती दोन वेळा वाढून घेऊन जेवली. तिसऱ्यांदा मी न विचारताच वाढलं, तेही संपवलं. संध्याकाळी भावजी कामावरून तसेच, रंगाच्या कपड्यांनिशी, चुकून घरात शिरले आणि तिच्याशेजारी बसले. ती काहीच बोलली नाही. ते आधी घाबरले, मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हाकललेलं नाही. "वहिनी," ते मला म्हणाले, "मी घरात राहायला आलो तर चालेल ना?" आम्ही सगळे हसलो. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुटली गं माझी पोर," त्या म्हणाल्या. दोनदा रिकामी झालेल्या त्या बाईच्या पोटात अन्न टिकलं, याचा आनंद आमच्या घरात मावत नव्हता. तिला जरा कणकण होती, घसा धरला होता. पण ते कोण बघतंय? सकाळी गार पाण्याने कट्टा धुवावा लागतो, त्याने होणारच.

दुसऱ्या दिवशीही सगळे कॅन पास झाले.

त्या दुपारी डेअरीने टँकर परत पाठवला. टाकीच्या टाकी आंबली होती. साहेब केंद्रातून चालत आमच्या दारात आले आणि रस्त्यावर उभे राहून ओरडले. "तुला कळलं कसं नाही? लहान पोराला कळलं असतं असला वास मारत होता!" धाकटी पांढरीफटक पडली. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक कॅन चुकला नव्हता. ती म्हणत राहिली, "साहेब, मी प्रत्येक झाकण घेतलं. कशालाच वास नव्हता. शपथेवर सांगते, कशालाच नव्हता."

साहेब गेले. मी कांदा चिरत होते. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, अर्धा कांदा उचलला आणि नाकाशी धरला. मग लसूण घेतला. मग साबण. मग मोरीत गेली आणि फिनेलची बाटली उघडून नाकाला लावली, अशी लावली की मी ओरडले, "अगं, भाजेल नाक!" तिने बाटली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, फिनेलचं असेल किंवा तिचं.

"ताई," ती म्हणाली, "ओकारी थांबली नव्हती हो. नाकच गेलं होतं."

वास नकोसा वाटत नाही आणि वासच येत नाही, या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दुसरी कोणी असती तर पहिल्या दिवशीच म्हणाली असती, काहीतरी चुकतंय, मला वास येत नाही. हिचा आयुष्यभराचा धडाच उलटा होता. नाकाला काही लागलं नाही, म्हणजे सगळं उत्तम. आम्ही तर पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते.

तपासणी झाली आणि तोच आजार निघाला. मागच्या खोलीत तिला वेगळं ठेवलं. आमच्या ह्यांना खोकला झाला, मला दोन दिवस ताप आला आणि गेला. तिलाही फार काही झालं नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, श्वास चांगला आहे, तापाची गोळी घ्या, पाणी प्या, बाळ हलतंय ना तेवढं बघत राहा. बाळ तर मस्त हलत होतं. तिच्या खोलीची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. आमचं ठरलं की बाळाने लाथ मारली की तिने चमच्याने भिंतीवर टकटक करायची. मी इकडे कणीक मळता मळता ओरडायची, "कळलं, कळलं!" कधी फार टकटक झाली की सासूबाई म्हणायच्या, "आजोबांवर गेलंय, एका जागी ठरत नाही." घरात तिघं माणसं आजारी होती, पण त्या टकटकीने आमचे दिवस सरत होते.

ताप उतरला. अंगातली कणकणही गेली. खोलीतून हसण्याचा आवाज यायला लागला, फोनवर भावजींशी बोलायची. दाराला दार लागून, पण बोलायची फोनवर. आम्ही दुसऱ्यांदा म्हणालो, सुटली.

एक दिवस सकाळपासून चमचा थांबेचना. टकटक, टकटक, जरा थांबून पुन्हा टकटक. मी म्हटलं, "अगं, काय फुटबॉल खेळतंय का पोट्टं!" पलीकडून उत्तर आलं नाही, फक्त टकटक. दुपारी जेवतानाही तेच. भावजी भिंतीला कान लावून बसले होते आणि चेहरा नुसता उजळला होता त्यांचा. तो चेहरा मला आता आठवायला नको वाटतो.

उन्हं उतरायच्या सुमारास तिने दार उघडलं. उघडायचं नव्हतं, तरी उघडलं. हातात चमचा होता.

"ताई, कालपासून हललं नाही."

"काय बोलतेस? आणि सकाळपासून चमचा..."

"तो मीच वाजवत होते," ती म्हणाली. "वाटलं, आवाज ऐकून उठेल."

गाडी लवकर मिळाली, त्यात कोणाची चूक नाही. दवाखान्यातही कोणी वाईट वागलं नाही. तिथे कोणी आत येऊ देत नव्हतं म्हणून मी आणि भावजी फाटकाबाहेर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. डॉक्टरीणबाई फाटकापर्यंत आल्या, अंगावर तो प्लास्टिकचा झगा, तोंड दिसत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. आईला आजार साधाच झाला, पण तो वारेत उतरला. वार आतून खराब झाली, आणि बाळाला मिळायचं ते मिळेना. असं फार थोड्यांचं होतं, म्हणाल्या. भावजींनी विचारलं, "काल आणलं असतं तर?" त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मला त्यांचा राग आला नाही. सगळ्या दिवसांत फक्त त्यांनीच आम्हाला खोटी आशा लावली नाही.

कळा आणून तिला मोकळं केलं. मुलगी होती. केस भरपूर, नखंसुद्धा आलेली. हे मला नर्सने नंतर सांगितलं, मी पाहिली नाही. नर्सने ती पांढऱ्या कापडात गुंडाळून धाकटीच्या हातात दिली. म्हणाली, "बाकीच्या बायका तोंडावरचं कापड बाजूला करतात. हिने आधी डोक्यावरचं केलं. टाळूला नाक लावलं आणि कितीतरी वेळ तशीच बसली. श्वास घेत होती नुसती, जोरजोरात. मी विचारलं, दम लागतोय का? तर मान हलवली, नाही म्हणाली, आणि बाळ परत दिलं."

ती घरी आली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच रडायला लागल्या, तर हिनेच त्यांना पाणी दिलं. भावजी पुन्हा कामावर जायला लागले. आता संध्याकाळी अंगणातल्या नळावर तासभर अंग घासत बसतात. टर्पेंटाइनचा वास तिला येत नाही, ते त्यांना ठाऊक आहे. तरी घासतात. मी एकदा हाक मारली, "भावजी, पुरे, गारठाल." ते म्हणाले, "वहिनी, आत जाऊन तरी काय करू?"

केंद्रावर आता कागदाच्या पट्ट्या आल्या आहेत. दुधात बुडवायची, रंग बदलला की कॅन बाजूला. ओळ बिनबोभाट पुढे सरकते आणि सगळ्यांचे मास्क जागच्या जागी असतात. म्हणजे पट्ट्या होत्या या जगात! कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी दुकानात होत्या. त्या आणायला आमच्या घरातलं एक माणूस जावं लागलं. साहेब येऊन म्हणाले, तब्येत सुधारली की ये, कॅन धुवायची जागा आहे. चांगल्या मनाने म्हणाले असतील. मी दार जरा जोरात लावलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वास बहुतेकांचा परत येतो, कोणाचा उशिरा. धाकटीने हे नुसतं ऐकून घेतलं. सकाळी उठते, केर काढते, माझी फडकी मात्र आता तशीच ओट्यावर पडलेली असतात. माझी मुलगी तिच्या मांडीवर जाऊन बसते तेव्हा तिचं डोकं ती हलकेच बाजूला करते. दवाखान्यातून आल्यावर दोन-तीन दिवसांनीच तिची छाती दगडासारखी घट्ट झाली. दूध थांबायची गोळी दिली होती, पण तिच्या अंगाला ते कोणी कळवलं नव्हतं.

एका दुपारी मी मोरीत गेले तर ती तिथे पाटावर बसून वाटीत दूध पिळत होती. दुखत होतं, ओठ दाताखाली धरला होता. अर्धी वाटी भरली. मग तिने ती वाटी उचलली आणि नाकाशी धरली. सवयीने, बाकी काही नाही. आयुष्यात इतक्या लोकांचं दूध तिने असं धरलं होतं. मग मला पाहून वाटी माझ्यासमोर केली.

"ताई, बघा ना जरा."

मी वाटी घेतली. माझं नाक साधं, कांद्यालसणाचं. मी खूप आत श्वास ओढला. वाटीची ऊब लागली, बाकी काहीच लागलं नाही.

"वास नाही गं," मी म्हटलं.

"मग चांगलं आहे," ती म्हणाली. माझ्या हातातून वाटी घेऊन तिने मोरीत उपडी केली, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि वाटी दुसऱ्या बाजूच्या छातीला लावली.